चांदणीचं घर

डिसेंबर लागला की आमच्या घराला वेगळा पत्ता लागत नाही. कार्ल्याच्या फाट्यावरून आत वळायचं, भातखाचरं उजव्या हाताला ठेवायची आणि मोठी चांदणी दिसली की थांबायचं. रिक्षावाले, गॅसवाला, लोणावळ्याच्या चर्चमधली मंडळी, सगळे ‘चांदणीचं घर’ असंच म्हणतात. ती नाताळची चांदणी बाबा स्वतः बनवतात. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि आत एक बल्ब. बाजारात तयार चांदण्या ढिगाने मिळतात, पण बाबांच्या मते त्या सगळ्या दिवाळीतून उरलेल्या असतात. बाबांच्या चांदणीचं एक टोक दरवर्षी थोडं वाकडं येतं. ते दाखवून दिलेलं त्यांना खपत नाही. मी दरवर्षी दाखवून देते.

बनवायचं काम बाबांचं आणि लावायचं आईचं. दिवेलागणीला आई पदराला हात पुसत ओट्यावर यायची, बटण दाबायची आणि दारात पाहुणा उभा असावा तसं म्हणायची, “या प्रभू, आत या.” लगेच खाचराच्या पलीकडून मावशीची आरोळी यायची, “आला गं बाई उजेड!” मावशी म्हणजे आमची शेजारीण. घरी शेती, गोठ्यात म्हशी, गळ्यात तुळशीची माळ आणि आवाज असा की फोन करायची तिला गरजच नाही. मला वाटायचं, ती आईची थट्टा करते. आई नुसती हसायची.

चांदणी लागली की घरात प्रार्थना व्हायची, आणि ती बाबा करायचे. त्यांची सारी नोकरी घाटातल्या इंजिनावर गेली. लोणावळ्याकडे चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन लावून रेटायचं काम. प्रार्थनाही त्यांची तशीच, जड आणि सावकाश. सगळे नातेवाईक, सगळे आजारी, सगळं सरकार त्यात यायचं. मध्येच आई हळूच ‘आमेन’ म्हणायची. त्याचा अर्थ, आमटी आटायला लागली, आता पुरे.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आई गेली.

त्यानंतर बाबांनी प्रार्थना सोडली. चिडले नाहीत, देवाला दोष दिला नाही. दिवेलागणीला टीव्ही लावून बसायला लागले, एवढंच. रविवारी चर्चला निघायच्या वेळी त्यांचा गुडघा दुखायचा. बाकीचे दिवस तोच गुडघा त्यांना फाट्यापर्यंत घेऊन जायचा आणि परत आणायचा. आईचं दुःख मला होतंच, पण त्याहून बाबांची धास्ती वाटायला लागली. ज्यांच्या मांडीवर बसून मी येशूचं नाव घ्यायला शिकले, तेच तोंड मिटून बसले होते. ते पुन्हा कधी उघडलंच नाही तर?

डिसेंबर आला तशी मी माळ्यावरून चांदणीचा सांगाडा काढला. बाबांनी टीव्हीवरची नजर न हलवता सांगितलं, “ठेव वर. दुःखाचं वर्ष आहे.”

धर्म आमच्या पणजोबांनी बदलला खरा, पण जुन्या चालीरीती काही मागे राहिल्या नाहीत. त्याही त्यांच्याबरोबर बाप्तिस्मा घेऊन आल्या. दुःखाच्या वर्षी घरात सण नाही, तळण नाही. शेजारपाजारच्या सगळ्यांना हे पाठ. म्हणून दिवाळीत जो तो आमच्याकडे डबा घेऊन आला आणि सण नसलेल्या आमच्या घरात करंज्या-चकल्या ठेवायला जागा उरली नाही. तळण चालतं, पण शेजारच्या कढईतलं, असा एकूण प्रकार.

मी मुळात तापट. म्हटलं, “ख्रिस्त हाच आपला प्रकाश, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग प्रकाशाला कसलं सुतक?”

बाबांनी शांतपणे विचारलं, “सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर काय धरायचं?”

हे मला लहानपणापासून पाठ होतं. “लाल.”

“मग गाडी उभी आहे. उगाच मागून रेटू नकोस.”

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. नाताळच्या आधी चर्चची मंडळी टेम्पोतून घरोघर गाणी म्हणत फिरतात. मी बाबांना न सांगता मंडळींच्या म्होरक्याला फोन लावला, आमच्याकडेही या म्हणून. पोरगा नवा, टेम्पोवालाही नवा. “चांदणीचं घर ना? ऐकलंय मी ताई,” तो म्हणाला आणि मी “हो, तेच” म्हणून फोन ठेवला. इतक्या वर्षांची सवय. चांदणी यंदा लागलेलीच नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या संध्याकाळी हॉटेलातल्या रिसेप्शनच्या नोकरीवरून मी लवकर सुटले, चहाचं मोठं पातेलं चढवलं, ताटात करंज्या मांडल्या आणि बाबांना काही कळू न देता खिडकीशी घुटमळत राहिले. अंधार पडला आणि ढोलकी ऐकू आली. पेटीही आली. मी ओढणी सावरत दार उघडलं तर दारात कोणी नाही. गाणं येत होतं खाचराच्या पलीकडून. मावशीच्या दारावर दिवाळीचा पाच टोकांचा आकाशकंदील अजून लटकत होता आणि त्याच्याखाली आमच्या चर्चची सगळी पोरं उभी राहून प्रभूच्या जन्माचं गाणं म्हणत होती.

“अहो बाबा, ती सगळी मावशीकडे गेली!”

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला, कमी केला. आईचं आवडतं गाणं होतं ते. आम्ही दोघं ऐकत राहिलो. “ढोलकी पुढे पळतेय,” बाबा म्हणाले. गाणं संपलं आणि मावशीचा आवाज खाचर ओलांडून स्पष्ट आला, “बसा की रं! कुनाकडं आलाय ते मागनं बगू, आदी च्या घ्या!”

मी चप्पल घालते तोवर बांधावरून एक बॅटरी डुलत डुलत येताना दिसली. मावशी धापा टाकत अंगणात उभी राहिली. बॅटरी हलवतच बोलली, “भाऊ, उठा बरं. तुमचा येशू चुकून आमच्या दारात आलाय. लय गोड गात्यात पोरं, पन मी त्यास्नी काय सांगू? मला आरतीबिगर काय येत न्हाई. न्यायला चला.”

बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. पोट धरून हसले, डोळे पुसले आणि परत हसले.

“सिग्नल बंद पडला ना,” चप्पल शोधत ते मला म्हणाले, “की माणूस हातात दिवा घेऊन येतो. तो दाखवेल तशी गाडी काढायची.”

“हे कधी सांगितलं नाहीत मला.”

“तू कधी विचारलंस?”

बांधावरून ते माझ्या पुढे चालत होते. गुडघ्याचं नाव नाही.

मावशीच्या अंगणात पोरं ओशाळून उभी होती आणि तिची सून भजी तळत होती. बाबा कंदिलाखाली थांबले. “ताई, दिवाळी होऊन महिना झाला की. हा अजून कसा?”

“काडून ठिवला व्हता. परत लावला,” मावशी म्हणाली. “आमच्या गोट्यात दिवा न्हाई, भाऊ. वैनी चांदनी लावायच्या, त्येचा उजेड थेट गोट्यात यायचा. त्या उजेडात मी धारा काडायची. यंदा तुमचंच घर अंधारात. मला बगवंना. म्हनलं, इतकी वरसं आपुन त्यांचा उजेड घेतला, आता आपला त्यांच्याकडं जाऊ द्या.”

मी तो कंदील रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, मावशी आळशी झाली, कंदील उतरवायचा कंटाळा करते. मला रडू आलं. कोणाला दिसू नये म्हणून भजी वाढायला घेतली.

खाण्याआधी, मागाहून स्कूटरवर येऊन पोचलेल्या पाळकांनी विचारलं, “प्रार्थना कोण करतंय?” मी मान खाली घातली. बाबांकडे बघायची हिंमत झाली नाही. मग बाबांचा आवाज आला, थोडा गंजलेला. “प्रभू, आम्ही तुला घरात घेतलं नाही, तर तू शेजारी येऊन बसलास. आमच्यासाठी थांबलास. या घराला सुखात ठेव. आमेन.” इतकी आखूड प्रार्थना त्यांनी आयुष्यात केली नसेल. मावशीने सगळ्यांच्या मागून, एकटीने, खणखणीत ‘आमेन’ म्हटलं आणि वर हातही जोडले.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सांगाड्याला नवा कागद लावला. एक टोक वाकडं आलं. मी काही बोलले नाही. चांदणी त्यांनी रस्त्याच्या बाजूला न टांगता गोठ्याच्या बाजूला टांगली. दिवेलागणीला बटणावर बोट ठेवलं. “या प्रभू,” एवढं बोलले. खाकरले. “आत या.” बटण दाबलं, तरी आत वळले नाहीत. आम्ही दोघं खाचराकडे तोंड करून उभे.

“आला गं बाई उजेड!”

बाबांनी घरात येऊन टीव्ही बंद केला आणि प्रार्थनेला बसले. सगळे नातेवाईक आले, सगळे आजारी आले, सरकार आलं, मावशीच्या म्हशीसुद्धा आल्या. आत आमटी आटत होती, मला वास येत होता. मी ‘आमेन’ म्हटलं नाही.