खटक्याचा चाकू

ओमुरझाक घाबरट आहे असं सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावर कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं घोडे राखले त्याने. लांडगे हाकलले, मस्तवाल घोड्याने बरगडी मोडली तरी हूं की चूं केलं नाही. असा हा गडी खिशातल्या चाकूला मात्र टरकून असे.

चाकू घडीचा होता. मुलाने, तालाईने, मॉस्कोतल्या पहिल्या पगारातून आणलेला. अंगठ्याने पातं उघडलं की मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाशी अडकायची, खट्ट! मग ती पट्टी दाबल्याशिवाय पातं मिटत नसे. खुरातला खडा काढा, लगामाचं चामडं कापा, एक हात घोड्यावर ठेवून दुसऱ्याने उघडता येई. ओमुरझाक ज्याला त्याला दाखवायचा. "बघ! तुझ्या आज्याने तरी पाहिला होता का असला?"

पण पहिल्याच हिवाळ्यात मेंढा सोलताना मुठीत चरबी आणि लोकर शिरली, पात्याच्या पाठीला हाड लागलं आणि पातं सपकन मिटलं, ते थेट बोटावर. त्याने चाकू धुतला, तेल घातलं, पण पट्टी काही पूर्वीसारखी बसेना. धारेवर कितीही जोर द्या, काही होत नसे. पाठीवर टोला बसला की बोट गेलंच म्हणून समजा. इतक्या बढाया मारलेला माणूस आता कुठल्या तोंडाने सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. तालाई फोनवर विचारायचा, "बाबा, चाकू कसा चाललाय?" हा म्हणायचा, "एक नंबर!"

आज मॉस्कोहून परतलेल्या तालाईच्या पोराची, बायेलची दोरी कापायची होती. पोरगं नुकतं उभं राहायला लागलेलं. त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधली होती. मंडळी लांबून धावत येणार, पहिला येईल तो ती कापणार, आणि त्याची चाल पोराला लागणार. दोरी बांधल्यावर पोरासमोर रक्ताचा, जखमेचा शब्द काढायचा नाही, नाहीतर पोर जन्मभर ठेचकाळतं. ही रीत ओमुरझाकनेच सकाळी सगळ्यांना बजावली होती.

आणि तालाईने लोकर दाबून केलेल्या पांढऱ्या नमद्यावर ठेवला कुठला चाकू? तोच!

"अरे, तुझ्या आईचा स्वयंपाकाचा चाकू आण की," ओमुरझाक म्हणाला. "जुना आहे, लाभाचा आहे."

त्याची बायको सैराकान फिस्कारली, "कांदे चिरून बोथट झालाय तो! नातवाची दोरी काय करवतायची आहे?"

"बाबा, तुमचाच चाकू हवा," तालाई म्हणाला. "तुम्हीच तर म्हणता एक नंबर."

धावायला कालिपा उभी होती. ओमुरझाकच्या बहिणीची मुलगी, नमद्याच्या सतरंज्या शिवायची, तिच्या दहा बोटांवर घरातली पाच तोंडं जगत. तिच्यापुढे कुरणावर कोण धावणार? आणि दोरी कापताना बायेल पाय झाडणारच, सगळीच पोरं झाडतात. टाच पात्याच्या पाठीवर बसली की संपलं. सांगावं तर पोरासमोर अशुभ, न सांगावं तर पोरीची बोटं.

"मीपण धावणार," ओमुरझाक म्हणाला.

"काय हो, म्हातारचळ लागला का?" सैराकान ओरडली.

"मामा, गुडघे घरी ठेवून या हं!" कालिपा हसून म्हणाली.

इशारा झाला आणि ओमुरझाक जिवाच्या आकांताने पळत सुटला. लोक पोट धरून हसत होते. कालिपा भुर्रकन पुढे गेली. तिने सहज मागे पाहिलं, तर मामाचा चेहरा पांढराफटक, डोळे बाहेर आलेले. काळजाला काही झालं की काय! ती घाबरून थांबली, "मामा!" म्हणेपर्यंत मामा तिच्या शेजारून पुढे गेला आणि नमद्यावर कोसळला.

चाकू त्याच्या हातात आला. पातं दोरीखाली घातलं, धार वर. पातं मिटतं त्या खाचेपासून बोटं दूर धरायला मुठीवर जागाच नव्हती. देवा, झाडू देऊ नकोस रे पाय. त्याने पातं उचललं, दोरी तुटली, आणि बायेलने पाय झाडला.

खच्च. ओमुरझाकने ओठ गच्च मिटले, चाकूसकट हात कोटाच्या खिशात कोंबला आणि तो उभा राहिला.

"चालला! चालला!" बायका ओरडल्या. बायेल डुलत डुलत तीन पावलं चालला आणि नेमका आजोबांकडे आला. दोन्ही हात वर करून उभा राहिला.

ओमुरझाकने डावा हात पुढे केला.

"एका हाताने काय उचलता?" सैराकान म्हणाली. "दोन्ही हातांनी घ्या की!"

तो हलला नाही. कोटाचं टोक ओलं होऊन गवतावर थेंब पडायला लागले, तेव्हा तालाईने वाकून पोराला उचललं, बायकोकडे दिलं आणि बापाला तंबूमागे नेलं. खिशातला हात स्वतः बाहेर काढला. दोन बोटांवर खोल चीर होती, आणि शेजारी जुन्या जखमेचा वण. तालाईने आपला रुमाल त्यावर करकचून बांधला.

"हा वण कधीचा?"

"पहिल्या हिवाळ्यातला."

"चार वर्षं? आणि मी दर वेळी विचारलं तर एक नंबर?"

ओमुरझाकने मान खाली घातली. "तू तिकडे एकटा होतास रे," तो म्हणाला. "फोनवर तुला आणखी काय सांगायचं?"