बिनफोडणीचं पिठलं

सुंदरबाईंनी साळुबाईला शिबिरात बोलावलं, आणि तिला दारात चपला राखायला मी बसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ते दुसऱ्या कुणाच्या नावावर जायला नको.

गोष्ट शहाण्णव सालची. ओतूरच्या बाजारात दलीचंद शेठचं किराणा दुकान होतं. सुंदरबाई त्यांची बायको, घर मारवाडी जैन. राजस्थान त्यांनी पाहिलं ते लग्नाकार्यापुरतं, एरवी बोलणं आमच्यासारखंच. दर पौषात धर्मशाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरायचं आणि त्याचा सगळा स्वयंपाक सुंदरबाईंकडे असायचा. दिवस मावळला की त्यांना पाणीसुद्धा चालत नसे, म्हणून रोग्यांची जेवणंही उजेडात उरकायची. कांदा-लसणाचं तर नावच काढायचं नाही. बाई चणीनं बारीक, पण चुलीपुढं उभ्या राहिल्या की डॉक्टरही दबून असत.

सेवेकरी म्हणजे त्यांच्या समाजातली माणसं आणि पिंपरी पेंढारकडचे आम्ही बागायतदार. मढच्या डोंगरातून यायचे ते फक्त रोगी. त्या वर्षीच्या बैठकीत सुंदरबाई म्हणाल्या, "निम्मे रोगी तिकडलं, मग सेवेला तिकडलं एक बी माणूस का न्हाई?"

मीच तोंड उघडलं, "बाई, त्यास्नी काय जमतंय?"

"आणल्याबिगर कसं कळंल, संपतभाऊ?"

आणि त्यांनी मढच्या साळुबाईला निरोप धाडला. आदल्या वर्षी तिचं ऑपरेशन इथंच झालं होतं. ऑपरेशनच्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं आली, पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघराकडं निघाली. मी आडवा झालो. "तुमी हितं बसा, चपला राखा." तिनं खोचलेला पदर सोडला आणि बसली. बाईंना कामाच्या गडबडीत वाटलं, तिनंच ते काम मागून घेतलं असेल.

दुपारी कुशाबाचं ऑपरेशन झालं. म्हातारा मढचाच, साळुबाईचा चुलतसासरा, आदल्या दिवशी एकटाच आलेला. त्याचा एक डोळा कधीच गेला होता. राहिला होता तो हा एवढाच. डॉक्टरांनी दरडावून सांगितलं होतं : वाकायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, टाके सुटले तर डोळा गेला. फोडणीच्या ठसक्यानं कुणी खोकायला नको म्हणून सुंदरबाईंनी बिनफोडणीचं पिठलं आणि भात केला. वाढणाऱ्या बायकांना बजावलं, रोगी थकलेत, कुणी बोलू नका.

संध्याकाळी उजेड असतानाच कुशाबाचं ताट मीच नेलं. त्यानं चाचपडत एक घास तोंडात घातला आणि थांबला.

"कुनाच्या घरनं आलं हे?"

"बायांनी केलंय."

"मंग बाया बोलत का न्हाईत?"

"आबा, जेवा गुमान," मी म्हणालो.

त्यानं ताट सारलं. हनुवटी थरथरायला लागली. पलंगावरून पाय खाली सोडून तो उठायलाच लागला. "मला घरी जाऊ द्या. सोडा मला!"

दोघांनी खांदे धरले. जेवढं धरावं तेवढी तो जास्त ओढ घेई. पट्टीखालून ओल दिसायला लागली होती. पाणी आहे की आणखी काही, कळेना. डॉक्टर आत दुसऱ्या रोग्यापाशी अडकलेले. सुंदरबाई ओल्या हातांनी धावत आल्या आणि "मिठाला चुकलं का?" असं ज्याला त्याला विचारू लागल्या. माणसाचा एकुलता एक डोळा, आणि तो माझ्या हातून जायची वेळ आली होती.

गलका ऐकून साळुबाई दारातून उठून आली. तिनं आधी म्हाताऱ्याकडं नाही, ताटाकडं पाहिलं.

"अगं बया! आमच्यात मयताच्या घरी शेजारच्या बाया असंच पिठलं-भात आणत्यात. बिनफोडणीचं. आन् मुक्यानं वाढत्यात. ह्यांची मालकीण, आत्याबाई, तापानं घरी पडल्यात. ह्यास्नी वाटतंय, त्या गेल्या आन् तुमी दडवताय."

माझी मान खाली गेली. आमच्यातही मयताला पिठलंच असतं. कितीतरी घरी मी स्वतः पोचवलं आहे. पण हे शेठच्या माणसांचं जेवण, ते असंच मिळमिळीत असायचं, असं धरून मी ताट उचललं होतं.

"मामंजी, आत्याबाई धड हाईत," साळुबाई म्हणाली. "सकाळी निघताना मला तंबाखू आणाया सांगितली."

"तू बी खोटं बोलतीस."

ती सुंदरबाईंकडं वळली. "बाई, सुतकात आमी फोडणी घालत न्हाई. आत्याबाई गेल्या असत्या तर मला बी सुतक. मी लसणाची फोडणी घातली, तरच ह्यास्नी पटंल."

दिवस मावळला होता. चूल विझली होती, आणि त्या धर्मशाळेत लसूण कधी आलाच नव्हता. "अगं, समाजाला काय सांगायचं?" दलीचंद शेठ दबक्या आवाजात म्हणाले. बाईंनी कमरेची कोठीची किल्ली काढून साळुबाईला दिली.

"माझं व्रत मी पाळीन. चूल आज तुझी. अंगणात मांड, धूर आत यायला नको. संपतभाऊ, लसूण आणा."

मी पळत सुटलो. अंगणात चूल पेटली, तेल तापलं आणि चर्रकन फोडणी बसली. लसणाचा वास खिडकीतून आत आला.

कुशाबानं मान वळवली. "साळू, चुलीपाशी तूच हायेस का?"

"मीच हाय, मामंजी."

म्हातारा ओढायचा थांबला. आडवा झाला. थोड्या वेळानं त्यानं चार घास खाल्ले. सुंदरबाई त्या वासात जपमाळ घेऊन भिंतीशी बसून राहिल्या. डोळ्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. ती रात्र आम्ही कशी काढली ते विचारू नका.

सकाळी पट्टी सुटली. डॉक्टरांनी डोळ्यापुढं जाड भिंग धरलं आणि बोटं दाखवली. कुशाबा काही बोलेना. पुन्हा दाखवली, तरी नाही. सुंदरबाईंनी डोळे मिटून घेतले. म्हातारा बोटांच्या पलीकडं, दाराकडं बघत होता. तिथं साळुबाई कालच्याच जागी चपलांपाशी बसली होती. तिला तिथून उठ म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"साळू," तो म्हणाला, "तुला भाईर कुनी बसवली गं?"

सुंदरबाईंना रडूच कोसळलं. मी उठलो, साळुबाईला आत पाठवलं आणि तिच्या जागी बसलो. त्यानंतर अकरा वर्षं, बाई होत्या तोवर, कोठीची किल्ली साळुबाईकडे असायची आणि चपला मी राखायचो.