सात पोरांची शाळा

वामन गेल्याची बातमी आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. खाली ओळीने जोडलेले हात, आणि त्यांच्याखाली लगेच हुकूम... ‘शौचालयाचे फोटो बारापर्यंत टाकावेत.’ उभा जन्म खात्यात घालवलेल्या माणसाला खात्याने वीस मिनिटं दिली. तीही जास्तच म्हणायची.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यावर वामन शिकवायचा. मी त्याचा केंद्रप्रमुख, म्हणजे वरचे कागद खाली आणि खालचे वर नेणारा हमाल. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं पोरांसकट वीटभट्टीवर जातात. बाकीचे गुरुजी त्या पोरांची हजेरी बिनदिक्कत लावत. वामन लावत नसे. मी समजावलं, तर म्हणाला, “भाऊ, भट्टीवर माती तुडवनारं पोर मी वर्गात कसं दाखवू? मंग त्याला शोधायला कोन जाईल?” आणि खरंच भट्ट्या धुंडाळत फिरायचा, शहाणा!

नेमकं त्याच दिवसांत कमी पटाच्या शाळांची तपासणी निघाली. साहेबांनी दारातूनच सात डोकी मोजली आणि संसाधनांच्या कार्यक्षम वापरावर प्रवचन झोडलं. वामन म्हणाला, “साहेब, बाकीची पावसाआधी येतात. नि ओढा भरला का ही पोरं खालच्या शाळेत जातील कशी?”

“फॉर्ममध्ये ओढ्याचा रकाना आहे का?” साहेबांनी विचारलं.

नव्हता. खोट्या हजेरीच्या शाळा वाचल्या, खऱ्या हजेरीची बंद झाली. अहवालावर सही माझी. तेव्हा लाज वाटली नाही. आता वाटते, तिचा उपयोग काय? कुलूप लागल्यावर त्याच शाळेला हात धुवायला टाइल्स लावलेला नवा ओटा बांधून मिळाला, कारण मंजूर निधी मार्चआधी संपवायचा होता. याला म्हणतात काटकसर.

वामनची बदली वाशिंदकडे झाली. तरी दर रविवारी एसटी आणि पायपीट करून तो पाड्यावर जायचा, बंद शाळेच्या पायरीवर पोरं घेऊन बसायचा. “तुला आता पदक देतील रे,” मी चिडवायचो. तो नुसता हसायचा.

त्याच्या दहाव्यानंतरच्या रविवारी मी तिथे गेलो... का, ते नीट सांगता येत नाही. पायरीशी उभा राहिलो तोच समोरच्या घरातून आठ-नऊ वर्षांची एक पोर दप्तर घेऊन धावत आली. मला पाहून थबकली.

“आमचं गुरुजी वारलं. तुमी नवं का?”

“नाय गो,” मी म्हणालो.

तिने मला एकदा नीट पाहून घेतलं आणि दप्तर घेऊन ती परत घरात गेली.