पहिल्या फटक्यात रंगलेला त्रिकोण

एका कंपनीची ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे पडद्यावर चित्रं काढून देणारा तयार कोड, आमचा गट नव्यानं लिहून फुकट वाटणार होता. कॉपीराइटच्या दाव्याची भीती होती, म्हणून अट कडक: कंपनीचा कोड ज्यानं पाहिला, तो बाद.

वर्ध्यातल्या माझ्या खोलीवर मित्र आला. कॉलेजात मी त्याच्याच जर्नलवरून प्रयोग उतरवायचो. त्याच मायेनं त्यानं माझ्या कॉम्प्युटरात सीडी घातली. "कंपनीचा असली कोड हाय. काऊन डोकं फोडून राह्यला?"

"बंद कर ते!" मी ओरडलो. पण त्रिकोण रंगवायचा कोड पडद्यावर आला होता आणि माझा वाचूनही झाला होता.

तो चिडून निघून गेला. तीन आठवडे अडलेला माझा त्रिकोण मी पुन्हा लिहिला. पहिल्याच फटक्यात रंगला. माझं आजवर काहीच पहिल्या फटक्यात चाललं नव्हतं.

पुसला. गटाला कळवलं, मला वगळा.