आईंची चाल

माझ्या सासूबाई टीव्हीवरची सासू-सुनेची मालिका बुद्धिबळाचा सामना बघावा तशी बघत. पडद्यावरची सासू गोड बोलून सुनेच्या हाती कपाटाच्या किल्ल्या देऊ लागली, की आई सरसावून बसत. “आता पाय, म्हातारीनं प्यादं पुढं केलं. पोरगी खाईल अन् फसेल.” आठवड्याभरात तसंच व्हायचं.

बुद्धिबळ त्यांना अकोल्यात वडिलांनी शिकवलेलं. गुजरातेतल्या कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांनी ते मला शिकवलं. मी वजीर लवकर बाहेर काढला की म्हणत, “काहून एवढी घाई व? समोरच्याच्या मनात काय आहे ते पाय आधी.” मालिकेत त्या सुनेची बाजू घेत, मी सासूची. आमची भांडणं व्हायची ती एवढीच.

मग कडोदऱ्याच्या कारखान्यातून परतताना माझा नवरा हमरस्त्यावर अपघातात गेला. सासरे आधीच गेलेले, आणि हा आईंचा एकुलता एक. त्यानंतर कितीतरी दिवस टीव्ही लागलाच नाही. एकमेकींना दोन घास खायला लावणं, एवढंच आमचं काम उरलं होतं.

पुढं कामरेजचं स्थळ माझ्यासाठी आईंनीच शोधलं. त्यांचे पुतणे येऊन ओरडून गेले. मीही म्हणाले, “तुम्हाला सोडून मी कुठंच जाणार नाही.”

“मालिकेतली सासू असते तर तुले अडवूनच ठेवलं असतं,” त्या म्हणाल्या. “माह्या डावात आता काही राह्यलं नाही. तुह्या डावात आहे. जाय तू.”

विधवेनं ओटी भरू नये, असं लग्नात कुणीतरी कुजबुजलं. आईंनी भरलीच. डोळे कोरडे.

जमेल तेव्हा मी त्यांना भेटायला जायची. गेल्या महिन्यात गेले, तर दाराला कुलूप. थोरल्या पुतण्याला फोन केला. आई झोपेतच गेल्या होत्या आणि पुतण्यांनी सगळं उरकूनही टाकलं होतं.

“मला का नाही कळवलं?”

“घरच्यांना कळवलं होतं,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

मी पायरीवर बसले. रडूही येईना. शेजारच्या जशुबेन बाहेर आल्या, माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि घरात वळून आपल्या सुनेला म्हणाल्या, “पाणी लाव, बेटा. माजीनी दीकरी आवी छे.” पाणी आण, आईंची लेक आलीय.