मादागास्करला पूर्ण वळसा नाही

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मादागास्कर बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्ण वळसा घालता येतो आणि त्याला चोवीस दिवस पुरतात. ते चूक आहे. असा सलग रस्ताच नाही. तो लेख वाचून कोणी सुट्टीचा अर्ज टाकला असेल, तर कृपया आधी हे वाचा.

चूक कशी झाली तेही सांगते. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. आमची वस्ती सिरसाळ्याबाहेर शेतात, त्यामुळे अक्षरं, पाढे, भूगोल सगळं आत्याने घरी शिकवलं. नकाशावर दोन गावांमधलं अंतर कसं काढायचं? शिवणाचा दोरा वाटेवर अंथरायचा, मग सरळ करून नकाशाखालच्या पट्टीला लावायचा. मादागास्करलाही मी तेच केलं. दोरा किनाऱ्याला लावला, बेट उजव्या हाताला ठेवलं, आणि आलेल्या अंतराला रोजच्या प्रवासाने भागलं.

हा प्रवास आम्ही दोघी करणार आहोत, मी आणि आत्या. एकटीने जायची माझी हिंमत नाही. आणि आत्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फेरी म्हंजे फेरी. अर्धी सोडून यायची असंल तर मला नको घिऊन जाऊस."

मग एका वाचक बाईंनी विचारलं, ईशान्येला मारोआन्त्सेत्रा गावापुढे कोणती गाडी मिळते? मी तीन दिवस शोधलं. गाडी सापडली नाही, पायवाट सापडली, तीही जंगलातून आणि काही दिवसांची. भावाने सांगितलं, बीडला बार्शी नाक्याजवळ सलीमचाचा म्हणून मेकॅनिक आहेत, ते मादागास्करला चार वर्षं ट्रक दुरुस्त करत होते. न तपासता पुन्हा लिहायचं नाही, म्हणून मी स्वतःच गेले.

सिरसाळ्याहून सकाळची एसटी, तेलगाव, वडवणी करत बीडला दोन तासांच्या आसपास. बायकांना अर्धं तिकीट. डाव्या बाजूला बसा, सकाळचं ऊन दुसऱ्या बाजूला राहतं (जाताना मी हे तपासलं, पण वळणांवर बदलतं).

सलीमचाचा एका ट्रकखाली होते. फक्त पाय दिसत होते. मी पायांनाच नमस्कार केला.

"मादागास्कर?" ट्रकखालून आवाज आला. "तिथं कोन चाललंय?"

"मी आणि माझी आत्या."

ते सरकत बाहेर आले, माझ्याकडे बघितलं आणि आत बायकोला ओरडले, "अजी सुनती हो? आपल्या बीडवरून मादागास्करला मानूस चाललंय! चाय टाका."

मी वही उघडून चोवीस दिवसांचा बेत वाचून दाखवला. सहाव्या दिवसापाशी त्यांनी हात वर केला.

"ठहर बेटा. हे अंतर कशानं मोजलं?"

"दोऱ्याने."

"हौ, मंग बरोबर. दोरा भिजत न्हाई ना."

त्यांनी खडू घेऊन गॅरेजच्या काळ्या फरशीवर बेट काढलं, पायाच्या तळव्यासारखं. मधोमध राजधानी, अंतानानारिवो. मोठे रस्ते तिथूनच बाहेर पडतात. मग पूर्व किनाऱ्यावर आडव्या रेघा ओढत गेले. "ही नदी. ही नदी. ही बी नदी. पूल कमी. तराफा आला तर गाडी पल्याड, न्हाई तर बसा दोन दिवस. मी बसलोय ना! ट्रकखाली झोपलोय."

"आणि पश्चिमेला?"

"तिथं रस्ता पावसाळ्यात मरतो, उन्हाळ्यात जिता होतो. लई लांब वळसे. आत्याचं वय काय?"

"अठ्ठावन्न."

"मंग एकच रस्ता सांगतो. राजधानीतून खाली, नैऋत्येला तुलिआरापर्यंत. डांबरी हाय. खड्डे हायेत, पण आपल्याला काय खड्ड्यांचं!"

हा रस्ता साधारण साडेनऊशे किलोमीटरचा. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आंतसिराबे, फियानारांत्सोआ, रानोहिरा असे मुक्काम करावेत आणि अंधार पडायच्या आत गाव गाठावं. तिथल्या टॅक्सी-ब्रूस म्हणजे आपली काळी-पिवळी, भरेल तेव्हा निघते. जेवणात तिन्ही वेळा भात. चाचांच्या बायको, खाला, घरातून चहा घेऊन आल्या होत्या; आत्या शाकाहारी आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आमचे हे तिथून पत्रात लिवायचे, पातेल्याच्या खरवडीत पानी उकळून पितेत तिथं. तेच प्यायला सांग आत्याला, पोट बिघडायचं न्हाई." जायचे महिने मे ते ऑक्टोबर, जानेवारी ते मार्च वादळांचे. चाचांची माहिती काही वर्षांपूर्वीची आहे. रस्त्यांची आजची अवस्था मी वेगळी तपासते आहे आणि ती कळेपर्यंत माझ्यावर विसंबू नका.

खडूच्या बेटाचा फोटो काढून परत निघाले. येताना खिडकीकडे लक्षच नव्हतं. आत्याला काय सांगायचं? तुझा दोरा चुकला? की फेरी होत नाही, तर तू येऊ नकोस?

संध्याकाळी आत्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत होती. मी एका दमात सगळं सांगितलं आणि मला रडूच फुटलं.

"कावून रडतीस?" तिने सुपातून मान वर केली नाही. "दोरा कुणी दिलता तुला? मीच ना? मंग चूक माझी बी हाय. पानी आडवं येतंय म्हनला ना त्यो?"

"हो."

"आन आपल्या महादेवाला तू फेरी कशी घालतीस?"

"तीर्थाच्या पन्हळीपर्यंत जायचं. ती ओलांडायची नाही. तिथून माघारी फिरायचं."

"तिला कुनी अर्धी म्हनतं का?"

तिने सुपातला खडा काढून अंगणात फेकला. "जाताना एका अंगाचं दिसंल, येताना दुसऱ्या. खिडकी मातर मला पायजे, दोन्ही खेपेला."

तर बेत असा बदलला आहे: अंतानानारिवो ते तुलिआरा आणि त्याच रस्त्याने परत, सप्टेंबरात, अठरा दिवस. त्यातले तीन दिवस गाडी भरायची वाट बघण्यासाठी राखून. जुना लेख मी काढून टाकलेला नाही. वर चूक लिहून ठेवली आहे. दोराही वहीत तसाच आहे. आता तो किनाऱ्यावर नाही, रस्त्यावर अंथरते आणि वाटेत किती नद्या येतात ते आधी मोजते.

एक गोष्ट मात्र मागच्या वेळी लिहायची राहिली. आत्याकडे पासपोर्ट नाही. तिचा ऑनलाइन अर्ज मी तीनदा भरला आणि तिन्ही वेळा शेवटच्या पानावरून मागे आले, तिला फेरी म्हणून कबूल केलेलं खरं होईल की नाही याची भीती वाटत होती म्हणून. तो अर्ज मी येत्या सोमवारी, ८ जूनला, सकाळी अकरा वाजता, आत्याला शेजारी बसवून पाठवणार आहे.