लाल कसा आलाय?

सावंतकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कागदवाल्याशी भाव करत होते. आमचा कामगार लोपीस म्हणाला, "मॅडम, काका झोपेतच गेले." मी कागदवाल्याचं बोलणं उरकलं, मशीन बंद करायला सांगितलं आणि नाहूरला त्यांच्या घरी गेले. तिथली धावपळ माझ्याकडेच आली. रडायचं राहून गेलं. काही आठवडे झाले, अजून राहिलेलंच आहे...

मुलुंडला आमचा छपाईचा गाळा आहे. मिठाईचे, साड्यांचे खोके छापतो. वडिलांनी तो सुरू केला तेव्हापासून रंग काकांच्या ताब्यात. छापलेला पहिला कागद ते खिडकीशी नेत, उजेडात धरत आणि "चालव" म्हणत. त्याशिवाय मशीन पुढे जात नसे. गाळ्यात सगळ्यांत जास्त पगार त्यांचा, माझ्यापेक्षाही, आणि तो योग्यच होता. वडिलांनंतर मी धंद्यात आले. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत, एरवी सुनंदा, आणि चिडले की मालकीणबाई.

मग माल परत यायला लागला. घाटकोपरच्या एका मिठाईवाल्याने ऐन दिवाळीच्या तोंडावर खोका माझ्या टेबलावर आपटला. "ताई, यात पेढे विकू की चूर्ण?" लाल चक्क तपकिरी झाला होता. त्या दिवसापासून मी मशीनजवळ उभी राहू लागले आणि खरा प्रकार कळला. काका कागद खिडकीशी नेत. रंग चुकला असेल तर मशीन चालवणारा लोपीस म्हणे, "काका, आधी चहा घ्या ना." काकांचा चहा होईपर्यंत तो रंग सुधारून नवा कागद त्यांच्या हातात देई. लोपीस रजेवर असला की माल परत येई.

मोठ्या पगाराच्या जुन्या माणसाशी कसं बोलावं, यावर लोक पुष्कळ सल्ले देतात. मी केबिनचं दार लावलं.

"काका, तुम्हाला लाल दिसत नाही."

"दिसतो गं. जरा लांब गेलाय, एवढंच."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. मोतीबिंदू असता तर काढून टाकता आला असता. पण आतला पडदाच खराब होत चालला होता, आणि तो सुधारणार नव्हता. येताना रिक्षात ते म्हणाले, "मालकीणबाई, उद्यापासून येऊ नको ना?" चिडलेले नसताना त्यांनी मला तसं पहिल्यांदाच म्हटलं.

"यायचं. पण रंग लोपीस ठरवेल."

"आणि मी काय करू?"

मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं. तेच पुढे म्हणाले, "पगार कमी कर मग. बसून खाल्लेलं मला पचायचं नाही." मी कमी केला. कुणाला हे निष्ठुर वाटलं तर वाटो. न करते, तर दुसऱ्या दिवशी ते आले नसते.

काय करायचं ते त्यांनीच शोधलं. लोपीस कागद घेऊन खिडकीशी, शेजारी खुर्चीत डोळे मिटून काका.

"लाल कसा आलाय?"

"कोकमासारखा."

"ओल्या की सुक्या?"

"सुक्या, काका."

"मेल्या, रोलर नीट धुतला नाहीस. मागच्या कामाचं निळं शिरलंय त्यात."

रोलर पुन्हा धुवायचा. मग, "आता?"

"आता कुंकवासारखा."

"चालव."

लोपीसला शब्द सुचला नाही की म्हणत, "तुझ्या मनोरीच्या घराची कौलं आठव. त्यांच्यापेक्षा गडद की फिका?" माल परत येणं थांबलं. शेवटपर्यंत हे असंच चाललं.

काका गेल्यावर ती खुर्ची हलवायला मी दोनदा सांगितलं, येता-जाता पायात येते. कुणी हलवली नाही. परवा मी मशीनपाशी होते. खाली टेम्पो थांबलेला, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. लोपीसने कागद उजेडात धरला आणि खुर्चीकडे न बघता मोठ्याने म्हणाला, "काका, कुंकवासारखा आलाय."

आणि थांबला...

मशीन उभं. एरवी मी ओरडले असते. कागद मलाही दिसत होता, रंग अगदी बरोबर होता. "चालव" म्हणायला मी तोंड उघडलं, आणि खुर्चीकडे बघत राहिले.